निषेध-भित्तिपत्रकांचे अभिलेखागार

राजकीय वा सामाजिक अन्यायाविरुद्ध जनमत जागृत करण्यासाठी काढलेली भित्तिपत्रके जमविणारी, त्यांचे वर्गीकरण व जतन करणारी आणि प्रदर्शनांद्वारे ती पुन्हा लोकांपुढे मांडणारी संस्था. ग्रंथालय, संग्रहालय व दफ्तरखाना या तिन्हींचे काही गुणधर्म अशा संस्थेत एकत्र आलेले असले, तरी तिचे कार्य या तिन्हींहून काहीसे वेगळे आहे. ग्रंथ टिकावा म्हणून छापला जातो, कलाकृती जपली जाईल या अपेक्षेने निर्माण होते आणि शासकीय कागदपत्र पुराव्यासाठी राखून ठेवले जाते. निषेधाचे भित्तिपत्रक मात्र काही दिवस भिंतीवर राहावे आणि आपले काम करून नाहीसे व्हावे, एवढ्याच हेतूने काढलेले असते. अशी अल्पायुषी वस्तू टिकवायची आणि टिकविताना तिचा मूळ संदर्भ हरवू द्यायचा नाही, अशी दुहेरी जबाबदारी या अभिलेखागारांवर असते. अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथील ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ पोलिटिकल ग्राफिक्स’ (स्थापना १९८८) ही या प्रकारची एक प्रमुख संस्था असून तिच्या संग्रहात नव्वद हजारांहून अधिक भित्तिपत्रके आहेत.

स्वरूप : भित्तिपत्रक हे शब्द आणि चित्र यांच्या संयोगातून सिद्ध झालेले जाहीर निवेदनाचे माध्यम होय. व्यापारी जाहिरात, नाटक-चित्रपट, सैन्यभरती, निवडणुका, सार्वजनिक आरोग्य इ. अनेक प्रयोजनांसाठी ते वापरले जाते. निषेध-भित्तिपत्रकाचे वेगळेपण त्याच्या बाह्य रूपात नसून ते ज्या परिस्थितीत निर्माण होते, तीत आहे. ते काढणाऱ्यांच्या हाती बहुधा वृत्तपत्र, नभोवाणी, पैसा वा अधिकारपद यांपैकी काहीच नसते. थोडा कागद, एकदोन रंगांची शाई आणि रात्री मोकळी सापडणारी भिंत एवढ्याच सामग्रीवर त्यांना काम भागवावे लागते. त्यामुळे मोजके शब्द, ठळक आकार, परिचित प्रतिमांचा उलटा उपयोग आणि क्षणात ध्यानी येणारा आशय ही या भित्तिपत्रकांची सर्वसाधारण लक्षणे ठरली. त्यांवर कलावंताचे नाव क्वचितच असते. पुष्कळदा दिनांक, मुद्रकाचा पत्ता व गावाचे नाव हेही टाळलेले असते; कारण हा तपशील पोलिसांच्या उपयोगी पडण्याचा संभव असतो.

या मर्यादांमुळेच इतिहासलेखनाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. संप मोडला गेला, मोर्चावर गोळीबार झाला वा एखादा कायदा मागे घेतला गेला, तर त्याची नोंद वृत्तपत्रांत व शासकीय अहवालांत होते. परंतु संपकऱ्यांनी आपली बाजू कोणत्या शब्दांत मांडली, शेजारच्या वस्तीला कसे आवाहन केले, कोणत्या प्रतिमा त्यांना आपल्याशा वाटल्या, हे बहुधा अशा फुटकळ छापील कागदांवरूनच कळते. हे कागद नाहीसे झाले, म्हणजे त्या घटनेचा इतिहास एकाच बाजूच्या कागदपत्रांवरून लिहिला जाण्याचा धोका निर्माण होतो.

पूर्वेतिहास : अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर (१७७१–१८३४) याने शोधून काढलेल्या शिलामुद्रणाच्या तंत्रामुळे चित्र व अक्षरे एकाच पृष्ठावर स्वस्तात छापणे शक्य झाले आणि एकोणिसाव्या शतकात यूरोपीय शहरांच्या भिंती भित्तिपत्रकांनी भरून गेल्या. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या काळातील जाहीरनामे प्रामुख्याने अक्षरजुळणीचेच होते. पुढे जर्मनीत केटे कोलव्हित्स (१८६७–१९४५) या चित्रकर्तीने युद्धविरोधी भित्तिपत्रके काढली. त्यांपैकी हात उंचावून शपथ घेणाऱ्या तरुणाचे १९२४ मधील भित्तिपत्रक विशेष प्रसिद्ध आहे. मेक्सिकोत १९३७ मध्ये लेओपोल्दो मेंदेस (१९०२–६९) आदी कलावंतांनी ‘तायेर दे ग्राफिका पोप्युलार’ ही कार्यशाळा स्थापन केली आणि काष्ठठसे व लिनोलियमचे ठसे वापरून कामगारसंघटना, शेतकरी आणि फॅसिझमविरोधी चळवळ यांच्यासाठी भित्तिपत्रके छापली.

१९६० नंतरच्या दशकात व्हिएटनाम युद्ध, कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ, विद्यार्थ्यांची आंदोलने आणि आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेतील मुक्तिलढे यांमुळे या माध्यमाला मोठे उधाण आले. ऑफसेट मुद्रण स्वस्त झाले होते आणि सिल्कस्क्रीन पद्धतीला तर यंत्राचीही आवश्यकता नव्हती. लाकडी चौकट, ताणून बसविलेले कापड, शाई आणि रबरी पट्टी एवढ्या साहित्यावर एका खोलीत रात्रभरात शेकडो प्रती काढता येत. हाव्हॅना येथे १९६६ मध्ये भरलेल्या त्रिखंड परिषदेतून निर्माण झालेल्या ‘ओस्पाआल’ या संघटनेने आपल्या नियतकालिकात घडी घालून भित्तिपत्रके जगभर पाठविली. त्यांवरील मजकूर बहुधा स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच व अरबी अशा चार भाषांत असे. २०१९ मध्ये ही संघटना बंद झाली. तथापि तिची भित्तिपत्रके अनेक देशांतील संग्रहांत टिकून आहेत.

भित्तिपत्रके जमविण्याचे काम सार्वजनिक संस्थांनी हाती घेतले, ते मुख्यतः पहिल्या महायुद्धाच्या काळात. पॅरिसमधील लब्लां दांपत्याने १९१४ पासून युद्धविषयक छापील साहित्य जमविले व १९१७ मध्ये ते राष्ट्राला दिले; नांतेर येथील ‘ला काँतांपोरेन’ या संस्थेचा तो आरंभ होय. लंडनचे इंपीरियल वॉर म्यूझीयम (१९१७) आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील हूव्हर संस्था (१९१९) यांचे संग्रहही याच सुमाराचे. या संग्रहांत प्रारंभी शासनांनी काढलेल्या भित्तिपत्रकांचे प्रमाण मोठे होते. याउलट जोसेफ लॅबडी या अमेरिकन कामगार-कार्यकर्त्याने १९११ मध्ये मिशिगन विद्यापीठास दिलेल्या संग्रहाचा भर अराज्यवादी व इतर जहाल चळवळींच्या साहित्यावर होता. ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था (१९३५) ही फॅसिझमच्या छायेत यूरोपमधील कामगार चळवळीची कागदपत्रे वाचविण्यासाठी स्थापन झाली. तिच्या संग्रहात आज भित्तिपत्रकांची संख्या एक लाखाहून अधिक आहे.

पॅरिसमधील कलावंतांचा आक्षेप : निषेधाचे भित्तिपत्रक संग्रहात ठेवावे काय, या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट नकार मिळाला, तो खुद्द भित्तिपत्रके काढणाऱ्यांकडून. मे १९६८ मध्ये पॅरिसमधील ‘एकोल दे बोझार’ या कलाशाळेचा विद्यार्थ्यांनी ताबा घेतला आणि तेथे ‘आतल्ये पोप्युलेर’, म्हणजे लोकांची कार्यशाळा, सुरू केली. प्रारंभीची छपाई शिलामुद्रणाने झाली. ती फार संथ असल्याने लवकरच सिल्कस्क्रीन पद्धत स्वीकारण्यात आली. प्रत्येक आराखडा सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाई आणि त्याबाबत दोन प्रश्न विचारले जात : त्यातील राजकीय विचार योग्य आहे काय आणि तो भित्तिपत्रकातून नीट व्यक्त होतो काय. मान्य झालेल्या भित्तिपत्रकावर कोणाचेही नाव घातले जात नसे. २७ जून रोजी पोलिसांनी इमारत रिकामी करीपर्यंत तेथून शेकडो आराखड्यांच्या असंख्य प्रती रस्त्यांवर व कारखान्यांच्या भिंतींवर पोहोचल्या होत्या.

या कार्यशाळेने आपल्या भूमिकेचे जे निवेदन केले, त्यात ही भित्तिपत्रके लढ्याची शस्त्रे आहेत, संघर्षाची ठिकाणे हीच त्यांची खरी जागा आहे आणि शोभेची वस्तू म्हणून वा केवळ ऐतिहासिक पुरावा म्हणून त्यांचा उपयोग करणे म्हणजे त्यांच्या कार्याला बाध आणणे होय, असे बजावलेले होते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. आज त्याच भित्तिपत्रकांच्या मूळ प्रती लिलावांत विकल्या जातात आणि मान्यवर संग्रहालयांत चौकटीत लावलेल्या आढळतात. संदर्भ सुटलेले निषेधाचे चित्र केवळ रंगरेषांच्या सौंदर्यासाठी पाहिले जाऊ लागले, तर ते जपले गेले, तरी त्याचे बोलणे थांबलेले असते. तथापि ती भित्तिपत्रके कोणीच राखून ठेवली नसती, तर हा आक्षेप ज्या संदर्भात घेतला गेला तोही पुढील पिढ्यांना उमगला नसता. निषेध-भित्तिपत्रकांच्या अभिलेखागारांचे बरेचसे कार्य या दोन टोकांमध्ये तोल साधण्याचे आहे.

लॉस अँजेल्सचे केंद्र : ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ पोलिटिकल ग्राफिक्स’ या संस्थेच्या संस्थापिका व दीर्घकाळ संचालिका असलेल्या कॅरल वेल्स या कलेतिहासाच्या अध्यापिका होत. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या फुलरटन येथील शाखेत त्या अध्यापन करीत. मध्ययुगीन कला हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय होता. १९८१ मध्ये त्या निकाराग्वात गेल्या. तेथे सोमोसा राजवट उलथून दोन वर्षे झाली होती आणि आदल्याच वर्षी देशव्यापी साक्षरता मोहीम पार पडली होती. एका घराच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक भित्तिपत्रक लावलेले होते. त्यात कॉफीच्या फळांची टोपली घेतलेली स्त्री दाखविलेली असून, नव्या देशाच्या उभारणीतून नवी स्त्री घडत असल्याचा आशय त्याखाली लिहिलेला होता. एक लहान मुलगा त्यासमोर जाऊन ते अक्षर-अक्षर जुळवीत वाचू लागल्याचे वेल्स यांनी पाहिले. खोलीतून जाता जाता नजरेस पडणारे चित्र माणसाला थांबविते, प्रश्न विचारावयास लावते आणि नकळत त्याचे विचार घडविते, ही भित्तिपत्रकाची प्रक्रिया त्यांना त्या वेळी प्रत्यक्ष जाणवली, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. त्यानंतर त्यांनी स्वतःच भित्तिपत्रके जमविण्यास सुरुवात केली आणि या खाजगी संग्रहातून १९८८ मध्ये संस्था उभी राहिली.

या संग्रहात एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंतची भित्तिपत्रके असली, तरी त्याचा मुख्य भर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळावर आहे. अमेरिकेबरोबरच लॅटिन अमेरिका, यूरोप, आफ्रिका व आशिया या खंडांतील चळवळींचे साहित्य त्यात आढळते. युद्धविरोध, कामगारांचे व स्त्रियांचे हक्क, वर्णद्वेष, स्थलांतरितांचे प्रश्न, तुरुंगव्यवस्था, आरोग्य, पर्यावरण इ. विषयांनुसार त्याची मांडणी केलेली आहे. संग्रहाची वाढ प्रामुख्याने देणग्यांतून होत आली आहे. कार्यकर्ते, मुद्रक, कलावंत व त्यांचे वारस यांनी घरात वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली भित्तिपत्रके संस्थेकडे सोपविली.

प्रदर्शनांचे संयोजन हे या संस्थेचे दुसरे प्रमुख कार्य होय. तिची विषयवार प्रदर्शने फिरत्या स्वरूपाची असून ती विद्यापीठे, शाळा, ग्रंथालये, कामगारसंघटनांची सभागृहे, वस्त्यांमधील केंद्रे अशा ठिकाणी लावली जातात. १९६५ ते १९७५ या दशकातील अमेरिका, व्हिएटनाम व क्यूबा या तीन देशांतील भित्तिपत्रके एकत्र मांडणारे प्रदर्शन हे त्यांपैकी एक. परस्परांशी युद्ध वा वैर चालू असलेल्या देशांतील लोक एकाच युद्धाकडे कसे पाहत होते, हे त्यातून शेजारी-शेजारी पाहावयास मिळाले. अमेरिकेतील तुरुंगांवरील आणि लॉस अँजेल्समधील ‘पीस प्रेस’ या मुद्रणालयाच्या (१९६७–८७) कार्यावरील प्रदर्शनेही उल्लेखनीय आहेत. एकाच मुद्रणालयाचे काम एकत्र मांडल्याने, मुद्रक हाही चळवळीचा घटक असतो ही सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट लक्षात आली.

कॅलिफोर्नियातच मायकेल रॉसमन (मृत्यू २००८) या १९६४ च्या बर्कली विद्यापीठातील भाषणस्वातंत्र्य-चळवळीच्या कार्यकर्त्याने १९७७ पासून सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या परिसरातील भित्तिपत्रके जमविली. सुमारे चोवीस हजार भित्तिपत्रकांचा हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर ओकलंड येथील कॅलिफोर्निया संग्रहालयाकडे गेला व २०१२ मध्ये त्यातील निवडक भाग तेथे प्रदर्शित झाला. एकट्या व्यक्तीच्या चिकाटीने उभा राहिलेला संग्रह तिच्या पश्चात सार्वजनिक संस्थेत सुरक्षित राहिल्याचे हे उदाहरण आहे. अशी व्यवस्था न झाल्यास खाजगी संग्रह विखुरले जातात.

संदर्भाचे महत्त्व : अशा संग्रहांतील काही भित्तिपत्रकांचा इतिहास पाहिला, म्हणजे केवळ कागद जपणे पुरेसे का नाही, हे स्पष्ट होते. व्हिएटनाममधील माय लाय येथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाचे रोनल्ड हेबर्ली या सैन्यातील छायाचित्रकाराने रंगीत छायाचित्र घेतले होते. वाटेवर पडलेल्या स्त्रिया व मुले यांच्या त्या छायाचित्रावर, दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीतील ‘तान्ही मुलेसुद्धा?’ अशा अर्थाचा प्रश्न व त्याचे होकारार्थी उत्तर एवढाच मजकूर छापून न्यूयॉर्कच्या ‘आर्ट वर्कर्स कोअलिशन’ या कलावंतसंघटनेने १९६९ च्या अखेरीस एक भित्तिपत्रक तयार केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याच्या प्रकाशनात सहभागी व्हावे, असे ठरत आले होते. परंतु विश्वस्तपातळीवर विरोध होऊन संग्रहालयाने अंग काढून घेतले. शिलामुद्रक कामगारांच्या संघटनेच्या साहाय्याने त्याच्या पन्नास हजार प्रती छापून वाटण्यात आल्या आणि जानेवारी १९७० मध्ये कलावंतांनी त्याच संग्रहालयात ⇨ पाब्लो पिकासोच्या ग्वेर्नीका या चित्रापुढे ते हाती धरून निदर्शने केली. कालांतराने या भित्तिपत्रकाची प्रत त्या संग्रहालयाच्या संग्रहातही दाखल झाली. भिंतीवर टांगलेल्या प्रतीशेजारी ही हकीकत नसेल, तर प्रेक्षकाला अर्धेच सत्य कळेल.

दुसरे उदाहरण एस्टर हर्नांडेस (१९४४– ) या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन चित्रकर्तीचे. मनुकांच्या एका प्रसिद्ध वेष्टनावरील हसऱ्या तरुणीच्या जागी सांगाडा काढून तिने द्राक्षमळ्यांतील विषारी कीटकनाशकांविरुद्धचे भित्तिपत्रक १९८२ मध्ये तयार केले. मूळ वेष्टन ज्याने पाहिलेले नाही, त्याला त्यातील उपरोध कळत नाही. तसेच नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांना लावावयास लागणारा गुलाबी त्रिकोण टोकाची दिशा उलटी करून न्यूयॉर्कमधील सहा जणांच्या गटाने १९८७ मध्ये एड्सविषयक मौनाविरुद्धच्या भित्तिपत्रकावर वापरला. अपमानाची खूण अभिमानाची कशी झाली, हे त्या चिन्हाचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावाचून उमगत नाही.

जतन व तालिकीकरण : निषेध-भित्तिपत्रके बहुधा हलक्या प्रतीच्या कागदावर छापलेली असतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या अशा कागदातील लिग्निन व आम्ल यांमुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. चमकदार शाई प्रकाशाने फिकी होते, चिकटपट्टीचे डाग कागदात मुरतात आणि घड्यांवर चिरा पडतात. म्हणून भित्तिपत्रके उघडून सपाट ठेवण्यासाठी रुंद व उथळ खणांची कपाटे, आम्लविरहित कागदाची पाकिटे व पॉलिएस्टरची पारदर्शक आवरणे वापरतात. फाटलेला भाग पातळ जपानी कागद व गव्हाच्या पिष्ठाची खळ यांनी सांधतात. ही दुरुस्ती पाणी वापरून पुन्हा सोडविता येते, हा तिचा मोठा गुण होय. तपमान व आर्द्रता स्थिर राखली जाते. प्रदर्शनात प्रकाश मंद ठेवून काही महिन्यांनी प्रत बदलली जाते.

या संग्रहांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. खळीने भिंतीवर चिकटविलेली प्रत पावसाने, नव्या कागदांच्या थरांनी वा सफाई-कामगारांच्या खरवडण्याने बहुधा नष्ट होते. संग्रहापर्यंत पोहोचते, ती सामान्यतः मुद्रणालयात, संघटनेच्या कचेरीत वा कार्यकर्त्याच्या घरी शिल्लक राहिलेली प्रत. म्हणजे आज अभिलेखागारात दिसणारी भित्तिपत्रके पुष्कळदा कधी भिंतीवर गेलेलीच नसतात. यासाठी भित्तिपत्रकाबरोबरच ते रस्त्यावर लावलेले असतानाची छायाचित्रे, छपाईची बिले, सभांची टिपणे आणि ती काढणाऱ्यांच्या मुलाखती मिळवून ठेवणे आवश्यक ठरते.

तालिकीकरणाचे कामही सोपे नसते. कर्ता, मुद्रक, स्थळ व काळ यांपैकी काहीच छापलेले नसल्यास कागदाचा प्रकार, छपाईची पद्धत, घोषणेतील घटनांचे उल्लेख यांवरून अनुमान करावे लागते. अमेरिकन भित्तिपत्रकांच्या कोपऱ्यात पुष्कळदा मुद्रककामगारांच्या संघटनेचे बारीक चिन्ह व क्रमांक असतो. त्यावरून मुद्रणालयाचा शोध लागू शकतो. एकाच चित्राच्या अनेक देशांत निघालेल्या आवृत्त्या ओळखणे हाही या कामाचा भाग होय.

बंदी आणि जप्ती : जेथे निषेध हाच गुन्हा ठरतो, तेथे भित्तिपत्रक जपणे हेही धोक्याचे असते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीत बंदी घातलेल्या संघटनांचे साहित्य जवळ बाळगणे शिक्षापात्र होते. तेथून बाहेर पडलेल्या व स्थानिक कलावंतांनी शेजारच्या बोट्स्वाना देशात गाबोरोनी येथे ‘मेडू आर्ट एन्सेंबल’ हे मंडळ चालविले. या मंडळाची भित्तिपत्रके चोरट्या मार्गाने सीमेपलीकडे पाठविली जात. १४ जून १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने गाबोरोनीवर छापा घातला. त्यात बाराजण ठार झाले व त्यांत या मंडळातील चित्रकार थामी म्नेले (१९४८–८५) याचा समावेश होता. त्यानंतर मंडळाचे कार्य संपुष्टात आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चळवळीतील कार्यकर्त्यांनी ‘साउथ आफ्रिकन हिस्टरी आर्काइव्ह’ ही संस्था उभारली आणि तिच्या संग्रहाच्या आधारे त्या दशकातील प्रतिकाराच्या भित्तिपत्रकांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. राजवट अद्याप पूर्णपणे गेलेली नसतानाच तिच्याविरुद्धचा पुरावा अशा रीतीने संकलित झाला. मेडूची भित्तिपत्रके २०१९ मध्ये शिकागो येथील कलासंस्थेत प्रदर्शित झाली.

काही वेळा बंदी घालणाऱ्या शासनाकडूनच संग्रह घडतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात १९१० च्या व त्यानंतरच्या मुद्रणविषयक कायद्यांन्वये पुस्तके, पत्रके, भित्तिपत्रके व चित्रे जप्त करण्यात आली आणि त्यांच्या काही प्रती शासकीय दप्तरात व लंडनमध्ये राहिल्या. हे जप्त साहित्य आज दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार व लंडनचे ब्रिटिश ग्रंथालय येथे अभ्यासकांना उपलब्ध असून लंडनमधील संग्रहाची सूची १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. भगतसिंग व त्यांचे सहकारी यांची जी चित्रे लोकांनी पाहू नयेत म्हणून जमा केली गेली, त्यांच्या काही प्रती नेमक्या त्याच कारणाने टिकल्या. मात्र अशा संग्रहात काय टिकावे हे पोलिसांच्या दृष्टीने ठरलेले असते. जे त्यांच्या हाती लागले नाही वा त्यांना महत्त्वाचे वाटले नाही, ते त्यात नाही.

भारतातील प्रयत्न : स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय चळवळींची भित्तिपत्रके हेतुपुरस्सर जमविण्याच्या प्रयत्नांत दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेचा ‘पोस्टर वुमन’ हा उपक्रम उल्लेखनीय आहे. देशातील निरनिराळ्या स्त्री-संघटनांकडून सुमारे दीड हजार भित्तिपत्रके गोळा करून २००६ मध्ये त्यांतील निवडक भित्तिपत्रकांचे प्रदर्शन व ग्रंथ सिद्ध करण्यात आला. हुंडा, बलात्कारविषयक कायदा, आरोग्य, साक्षरता, पर्यावरण, धार्मिक दंगली इ. विषय त्यांत आढळतात.

या चळवळीच्या एका महत्त्वाच्या टप्प्याशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. विदर्भातील एका आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविले. त्याविरुद्ध चार विधिज्ञ अध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले, १९८० च्या प्रारंभी मुंबईत स्त्रियांचा बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि अनेक शहरांतील निदर्शनांनंतर १९८३ मध्ये संबंधित कायद्यात दुरुस्ती झाली. न्यायनिर्णय व कायद्याचे कलम ग्रंथांत सापडते. परंतु या दोहोंच्या दरम्यानच्या वर्षांत रस्त्यावर जे घडले, त्याचा मागोवा घेण्यास हातांनी रंगविलेले फलक, पत्रके व भित्तिपत्रके यांचाच आधार घ्यावा लागतो. भारतीय साहित्याच्या तालिकीकरणात भाषेचीही अडचण येते. घोषणेतील यमक, तिला लावलेली लोकगीताची चाल वा म्हणीचा आधार यांचा परिणाम इंग्रजीतील सारांशात उतरत नाही. म्हणून मूळ भाषेतील पूर्ण मजकूर नोंदविणे इष्ट ठरते.

काही प्रश्न : निषेध-भित्तिपत्रकांच्या अभिलेखागारांपुढे काही मूलभूत प्रश्न आहेत. संग्राहक बहुधा स्वतः चळवळीतील असल्याने आपल्या विचारांच्या जवळचे साहित्य अधिक गोळा होते, विरोधी पक्षाचे कमी. संग्रहाची ही मर्यादा स्पष्टपणे नोंदविलेली असल्यास अभ्यासकाची दिशाभूल होत नाही. निनावी भित्तिपत्रकांचा स्वामित्वहक्क कोणाचा, ती पुनर्मुद्रित करून विकावीत काय, हाही वादाचा विषय आहे. जिवंत कार्यकर्त्यांची नावे व चेहरे उघड झाल्यास त्यांना उपद्रव होण्याचा संभव असतो. हाँगकाँगमध्ये २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर आधीच्या आंदोलनातील घोषणा प्रदर्शित करणेही धोक्याचे झाले, हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. संग्रह सर्वांसाठी खुला असणे आणि त्यातील माणसे सुरक्षित असणे, या दोन्ही गोष्टी काही वेळा एकाच वेळी साध्य होत नाहीत.

संगणकयुगात भित्तिपत्रकाची प्रतिमा क्षणार्धात जगभर पोहोचते आणि गरजेप्रमाणे कोठेही छापली जाते. परंतु ती तितक्याच लवकर नाहीशीही होते. दुसरीकडे हाती धरावयाच्या पुठ्ठ्याच्या फलकांचे महत्त्व कमी झालेले नाही. जानेवारी २०१७ मधील स्त्रियांच्या मोर्चांनंतर अनेक देशांतील संग्रहालयांनी व ग्रंथालयांनी असे फलक गोळा केले. २०२० मध्ये वॉशिंग्टन येथील वर्णद्वेषविरोधी निदर्शनांच्या वेळी स्मिथसोनियन संस्थेच्या अभिरक्षकांनी कुंपणावर लावलेले फलक निदर्शने चालू असतानाच जमविण्यास प्रारंभ केला. पूर्वी कित्येक वर्षांनी कोणाच्या तरी घरातून मिळणारी वस्तू आता घटनास्थळीच संग्रहात येऊ लागली आहे. यामुळे स्थळ, काळ व कर्ता यांची नोंद त्याच वेळी करणे शक्य झाले आहे. तथापि कोणता फलक उचलावा व कोणता सोडावा याचा निर्णय घाईने घ्यावा लागतो.

पॅरिसमधील कार्यशाळेने घेतलेला आक्षेप आजही पूर्णतः निकालात निघालेला नाही. भित्तिपत्रक भिंतीवरून कपाटात गेले, की त्याचे मूळ कार्य थांबते हे खरे. परंतु एका पिढीचे भित्तिपत्रक पुढच्या पिढीच्या कलावंताला घोषणा, प्रतिमा व तंत्र यांचा आधार देते, असाही अनुभव आहे. फिरत्या प्रदर्शनांतून शाळेत, कामगारांच्या सभागृहात वा वस्तीत ते पुन्हा लोकांसमोर आले आणि ते कोणी, केव्हा, कोणाविरुद्ध व कोणती जोखीम पत्करून काढले हे त्याबरोबर सांगितले गेले, तर त्याचे कार्य काही अंशी पुढे चालू राहते. अशा अभिलेखागाराचे यश केवळ संग्रहाच्या संख्येवरून मोजता येत नाही. कागदाबरोबर त्यामागील माणसांची हकीकत त्याने किती प्रमाणात जपली, यावर ते अवलंबून असते.